पंखा लागला की हायड्रोजन उतरतो: बॅटरी खोलीतल्या फायबर सेन्सरचं एक प्रकरण

तक्रार सेन्सरची नव्हतीच, पंख्याची होती. एका वीज उपकेंद्राच्या बॅटरी खोलीतला मोठा एक्झॉस्ट पंखा बूस्ट चार्जिंग (बॅटरी लवकर भरायला जास्त व्होल्टेजने केलेलं चार्जिंग) चालू असलं की सारखा चालू-बंद व्हायचा. मिनिटभर चालायचा, दहा-बारा मिनिटं बंद, पुन्हा मिनिटभर चालू. कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळाले, मोटर तापून ट्रिप व्हायला लागली आणि देखभाल विभागाने जास्त ताकदीची नवी मोटर घ्यायचा प्रस्ताव तयार केला. प्रस्तावाला हायड्रोजनच्या नोंदींचा आलेख जोडलेला होता. त्यावर पंख्याचं काम अगदी चोख दिसत होतं. हायड्रोजन ०.४ टक्क्यांवर गेला की पंखा सुरू, आणि मिनिटाच्या आत आकडा ०.२ च्या खाली. इतक्या मोठ्या खोलीतला गॅस इतक्या झटपट उपसणारा पंखा असेल, तर त्याला बदलायचं कशासाठी? शंकेला सुरुवात तिथून झाली.

आधी खोली समजून घेऊ. आकडे मी सोयीसाठी पूर्णांकात केले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला कागदावर हिशोब मांडून बघता येईल.

खोली ३०० घनमीटरची. तिच्यात व्हेंटेड प्रकारच्या, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे ११० सेल, प्रत्येकी १००० अँपिअर-अवरचे. सेल भरत आले की चार्जरकडून येणारा जादा प्रवाह पाण्याचं विघटन करतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. एका सेलमधून एक अँपिअर-अवर इतका जादा प्रवाह गेला की सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. हा फॅरेडेच्या नियमाचा आकडा आहे, त्यात घासाघीस नाही. प्रवाह किती धरायचा यावर मात्र मतं असू शकतात. बॅटरी खोल्यांच्या सुरक्षेसाठीच्या आयईसी ६२४८५-२ या आंतरराष्ट्रीय मानकात बूस्ट चार्जिंगसाठी दर अँपिअर-अवर क्षमतेमागे २० मिलिअँपिअर धरतात. आपल्या बॅटरीला ते २० अँपिअर झाले. मग ११० गुणिले २० गुणिले ०.४२, म्हणजे तासाला साधारण ९२० लिटर हायड्रोजन. पाऊण-एक घनमीटर म्हणा.

हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि पेटायला त्याला ०.०२ मिलिज्यूलच्या आसपासची ठिणगी पुरते. त्याच मानकाच्या सूत्राने या खोलीला तासाला ११० घनमीटर हवा खेळती हवी. इथे १५० घनमीटरचा छोटा पंखा चोवीस तास चालू होता, म्हणजे नियमाचं पालन होत होतं. मोठा पंखा लागला की दोन्ही मिळून तासाला १२०० घनमीटर हवा बाहेर जायची. मोठा पंखा चालू करायचा की नाही हे छताजवळचा ऑप्टिकल फायबरचा, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूचा, हायड्रोजन सेन्सर ठरवायचा: ०.४ टक्क्यांना चालू, ०.२ ला बंद, आणि १ टक्क्याला भोंगा वाजून चार्जर बंद.

आता आलेखातली घाई तपासू. मोठा पंखा लागला की खोलीतली सगळी हवा बदलायला पंधरा मिनिटं लागतात. आत हायड्रोजन तयार होतोच आहे. हे दोन्ही धरून हिशोब केला तर ०.४ वरून ०.२ वर यायला चौदा-पंधरा मिनिटं हवीत. आलेखावर मिनिटसुद्धा लागत नव्हतं. उलट दिशेनेही तेच. मोठा पंखा बंद असताना ०.२ वरून पुन्हा ०.४ वर जायला सव्वा तास लागायला हवा, आणि इथे दहा-बारा मिनिटांत पंखा पुन्हा सुरू. ९२० लिटर तासाला सोडणारी बॅटरी दहा मिनिटांत ६०० लिटर कुठून आणणार? वायू इतक्या वेगाने ये-जा करत नव्हता. करत होता तो सेन्सरचा आकडा.

ऑपरेटरला हे सांगितल्यावर त्याने जे उत्तर दिलं ते अगदीच टाकाऊ नव्हतं. सेन्सर मोठ्या पंख्याच्या जाळीपाशीच बसवलेला होता. पंखा लागला की खालची ताजी हवा आधी तिथेच खेचली जाते, तेवढ्यापुरता तिथला हायड्रोजन उतरत असेल, खोलीतला नसेलही. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, तो छताला थर करून राहू शकतो. म्हणजे एकाच आकड्याची दोन स्पष्टीकरणं समोर होती, आणि दोन्हींचा उपाय वेगळा. पहिलं खरं असेल तर फक्त सेन्सरची जागा बदलायची. दुसरं, म्हणजे सेन्सरच खोटं बोलतोय हे खरं असेल, तर जागा बदलून प्रश्न निव्वळ झाकला जाणार.

उत्तर आलेखाच्या बारकाव्यात सापडलं, पण नियंत्रण कक्षातल्या आलेखात नाही. तिथे फक्त पंखा चालू-बंद होण्याच्या क्षणांचे आकडे साठवले जायचे, आणि मधला सगळा तपशील गळून गेला होता. मूळ सेकंदासेकंदाच्या नोंदी इंटरोगेटरमध्ये, म्हणजे फायबरकडून परत येणारा प्रकाश वाचणाऱ्या पेटीत, शिल्लक होत्या. त्या उलगडल्यावर आकार वेगळाच दिसला. पंखा लागताच आकडा कड्यावरून पडल्यासारखा खाली. पंखा बंद होताच तितक्याच झपाट्याने वर, आणि थांबतो कुठे, तर ०.३८ च्या आसपास. तिथून पुढे मात्र अगदी सावकाश रांगत ०.४ पर्यंत. मग पुन्हा कडा.

ते सावकाश रांगणं खरं होतं. मोठा पंखा मिनिटभर चालून खोलीतून जेमतेम ६५ लिटर हायड्रोजन काढत होता, म्हणजे ०.०२ टक्के, आणि तेवढा भरून यायला छोट्या पंख्याच्या वाऱ्यात बारा मिनिटं लागतात. हिशोब नेमका जुळला. खोलीतला खरा हायड्रोजन सगळा वेळ ०.३८ ते ०.४ च्या पट्ट्यात घोटाळत होता. कडा आणि चढ हे दोन्ही सेन्सरच्या पोटातले. छताजवळच्या थराचं स्पष्टीकरण इथेच गळालं, कारण थर एकदा विस्कटला तर पंखा थांबल्यावर काही सेकंदांत जुन्या उंचीवर परत बसणार नाही.

मोटरचा प्रस्ताव बाजूला ठेवला. साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नव्हता.

आता सेन्सरकडे. हायड्रोजनसाठी फायबरवर लेप का लागतो, इथपासून सुरुवात करावी लागेल. मिथेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड यांचे रेणू अवरक्त प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी शोषतात. मिथेनची १.६५ मायक्रोमीटरजवळची रेषा तर साध्या दूरसंचार फायबरमधून जाणाऱ्या प्रकाशात सहज सापडते. तिथे वायूची ओळख प्रकाश स्वतः पटवतो. हायड्रोजनचा रेणू दोन सारख्या अणूंचा. त्याला द्विध्रुव नाही, त्यामुळे अवरक्त प्रकाश त्याला जवळजवळ दिसतच नाही असं समजा. म्हणून मध्ये एखादा पदार्थ घालावा लागतो, ज्याला हायड्रोजन भेटला की काहीतरी होईल आणि ते काहीतरी फायबरला कळेल. नॅनोपदार्थांचा लेप म्हणजे हा मध्यस्थ. लेपाविषयी लिहिताना बहुतेक जण किती पीपीएमपर्यंत ओळखतो एवढंच सांगतात. मला विचाराल तर पहिला प्रश्न हा असावा की लेप फायबरला काय सांगतो: ताण, अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) की उष्णता? जागेवर सेन्सर कशाने फसेल हे त्या उत्तरावर ठरतं.

या खोलीतल्या फायबरवर ब्रॅग ग्रेटिंग होत्या. फायबरच्या गाभ्यात अपवर्तनांकाचे बारीक, समान अंतरावरचे पट्टे कोरलेले असतात. ते एकच तरंगलांबी परत पाठवतात आणि बाकी प्रकाश पुढे जाऊ देतात. असं ग्रेटिंग पहिल्यांदा १९७८ मध्ये कॅनडात केन हिल यांच्या गटाला मिळालं. १५५० नॅनोमीटरला पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या मायक्रोमीटरहून किंचित जास्त असतं. फायबर ताणला किंवा तापला की परतणारी तरंगलांबी सरकते: एका अंशाला साधारण १० पिकोमीटर, आणि दर दशलक्षांश ताणाला १.२ पिकोमीटर. एकाच फायबरवर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या कितीतरी ग्रेटिंग ओवता येतात, चार्जरच्या रेक्टिफायरजवळच्या विद्युत-चुंबकीय गोंगाटाचा त्यांना त्रास नाही आणि स्फोटक जागेत वीज न्यावी लागत नाही. खरं सांगायचं तर या एका खोलीसाठी मी फायबर निवडला नसता, एक साधा स्फोटरोधक कॅटॅलिटिक सेन्सर पुरला असता. पण इथे तोच फायबर पुढे ट्रान्सफॉर्मरकडे आणि केबल खंदकाकडे तापमान मोजायला जाणार होता, त्यामुळे निवड समजण्यासारखी होती.

लेप होता प्लॅटिनमचे नॅनोकण घातलेल्या टंगस्टन ट्रायऑक्साइडचा. प्लॅटिनमवर हायड्रोजनचा रेणू फुटतो, सुटे अणू ऑक्साइडवर पसरतात आणि ऑक्साइड निळसर होतं. मग हवेतला ऑक्सिजन ते हायड्रोजन अणू परत घेतो, पाणी तयार होतं आणि उष्णता सुटते. शेवटी हिशोब एवढाच राहतो की हायड्रोजन ज्योतीविना, खोलीच्या तापमानाला जळतो. लेप तापतो, त्याखालचा फायबर तापतो, ग्रेटिंगची तरंगलांबी सरकते.

कण नॅनो आकाराचे का, याचं उत्तर पृष्ठभागात आहे. टंगस्टन ट्रायऑक्साइडचे १० नॅनोमीटर व्यासाचे कण घेतले तर एका ग्रॅममध्ये ८० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग मिळतो. प्लॅटिनमला पसरायला तेवढी जागा, हायड्रोजनला बसायला तेवढी जागा. लेप जाड करत गेलं तर मात्र सुकताना त्याला चिरा जातात आणि १२५ मायक्रोमीटरच्या गुळगुळीत काचेवरून तो पापुद्र्यासारखा सुटतो. त्यामुळे जाडीला मर्यादा येते.

यातून मिळणारा संकेत किती मोठा असतो ते बघण्यासारखं आहे. एक मोल हायड्रोजन जळला की २४२ किलोज्यूल मिळतात. हवेत एक टक्का हायड्रोजन असेल आणि तो पूर्ण जळला, तर ती हवा ८० अंशांच्या वर तापते. ही वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षात लेपाला त्याचा काही भागच मिळतो. तरी काही दहा अंश म्हणजे शेकडो पिकोमीटर. पॅलेडियमच्या साध्या थराशी याची तुलना करून बघा. पॅलेडियम आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषतं हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६० च्या दशकातच दाखवलं होतं, आणि पॅलेडियमचा थर दिलेला फायबर सेन्सर बटलर यांनी १९८४ मध्ये केला. शोषून फुगलेलं पॅलेडियम फायबरला ताणतं. पण अर्धा मायक्रोमीटर थर सव्वाशे मायक्रोमीटरच्या काचेला किती ताणणार? एक टक्का हायड्रोजनला हिशोबाने वीस-तीस पिकोमीटर. म्हणजे खोली दोन-तीन अंश तापली तरी तेवढाच फरक पडतो. शिवाय एक-दोन टक्क्यांच्या आसपास पॅलेडियमची स्फटिकरचनाच बदलते, लांबीत साडेतीन टक्क्यांची उडी असते, आणि परत येताना ते त्याच वाटेने येत नाही. चढताना एक आकडा, उतरताना दुसरा. चांदी किंवा सोनं मिसळून ही उडी मऊ करता येते, पण मूळ संकेत त्याने मोठा होत नाही.

म्हणून उष्णता देणारा लेप निवडणाऱ्याने चूक केली असं म्हणता येणार नाही. उष्णतेसोबत काय काय येतं, तेवढं विचारायचं राहिलं होतं.

खोलीचं तापमान बदलतं याची काळजी घेतलेली होती. लेप दिलेल्या ग्रेटिंगशेजारी, छिद्रं असलेल्या त्याच नळीत, एक उघडी, लेप नसलेली ग्रेटिंग होती. दोघींच्या तरंगलांबीतला फरक घेतला की हवेचं तापमान वजा होतं आणि उरतो तो ज्वलनाचा तापवा, म्हणजे ज्वलनाने वाढलेलं तापमान. कागदावर सुरेख दिसणारी ही व्यवस्था वाऱ्यापुढे अगदी निकामी आहे. उघडी ग्रेटिंग हवेच्याच तापमानाला आहे, तिच्यावरून वारा गेला काय आणि न गेला काय, तिला फरक पडत नाही. लेपाची ग्रेटिंग हवेपेक्षा गरम आहे, तिच्यावरून वारा गेला की ती थंड होते. वजाबाकीत वारा पूर्णपणे आकड्यात उतरतो. हॉट-वायर अ‍ॅनिमोमीटर याच तत्त्वावर वाऱ्याचा वेग मोजतो. इथे जाळीपाशी, हायड्रोजनच्या पैशाने, तोच बसवला गेला होता.

संथ हवेत फायबरची उष्णता तुलनेने हळू जाते. जाळीजवळ हवा सेकंदाला एक-दोन मीटर वेगाने सरकू लागली की ती तीन-चार पट वेगाने जाऊ लागते. तापवा त्याच प्रमाणात उतरला तर ०.४ चा आकडा ०.२ च्या खाली जाणं क्रमप्राप्तच आहे.

इथे जाणकार वाचक एक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा. वारा उष्णता नेतो तसा ताजा हायड्रोजनही आणून देतो. मग ज्वलन वाढायला हवं आणि दोन्ही परिणाम एकमेकांना फेडायला हवेत. जुन्या कॅटॅलिटिक सेन्सरमध्ये, ज्यांना पेलिस्टर म्हणतात, बऱ्याच अंशी हेच होतं. त्यांचा मणी वीज देऊन काही शे अंशांवर ठेवलेला असतो. पृष्ठभागावर पोचलेला प्रत्येक रेणू तिथे लगेच जळतो, त्यामुळे ज्वलनाचा वेग रेणू किती पोचतात यावर ठरतो. वाऱ्याने रेणूंचा पुरवठा वाढतो, उष्णतेची गळतीही वाढते, आणि तापवा फारसा हलत नाही. आपल्या लेपाला वीज मिळत नाही. तो खोलीच्या तापमानापासून थोडाच वर असतो आणि त्या थंड अवस्थेत प्लॅटिनमचा हायड्रोजन जाळण्याचा वेगच कमी पडतो. पोचलेले सगळे रेणू जळतच नाहीत, आणखी आणून दिले तरी उपयोग नाही. उष्णता तेवढीच निर्माण होते, गळती मात्र चौपट.

हे नुसतं तर्काने पटवून चालणार नव्हतं. तपासणीची एक सोपी रचना लावली. लांब नळीत सेन्सर ठेवून तिच्यातून ०.४ टक्के हायड्रोजन मिसळलेली तयार हवा सोडली आणि हवेचा वेग पायरीपायरीने वाढवला. हायड्रोजन तोच, वारा वेगळा. आकडा वाऱ्यासोबत उतरत गेला. मग हायड्रोजनविना नुसती हवा सोडली, तर कोणत्याही वेगाला आकडा शून्यावर ठाम. या दुसऱ्या निकालामुळे आणखी एक गोष्ट उलगडली: सेन्सर बसवताना झालेल्या चाचणीत हे का दिसलं नव्हतं. त्या वेळी दोन चाचण्या झाल्या होत्या. एकीत पंखा लावून शून्य ढळत नाही ना हे पाहिलं, हायड्रोजन नव्हता. दुसरीत सेन्सरवर टोपी बसवून आत हळूहळू चाचणी-वायू सोडला, वारा नव्हता. दोन्हींत सेन्सर पास. हायड्रोजन आणि वारा एकत्र कधी आलेच नाहीत, आणि खोलीत ते एकत्रच येणार होते, कारण पंखा हायड्रोजनमुळेच लागतो.

प्रत्यक्ष धोका किती होता? त्या दिवसांत खोली ०.४ टक्क्यांवर टेकलेली होती. स्फोटमर्यादेच्या दहाव्या हिश्शावर, म्हणजे तातडीने काही होणार नव्हतं. पण चार्जर बिघडून प्रवाह कित्येक पट वाढला असता, तर मोठा पंखा लागलेला असताना खरा १ टक्का सेन्सरला ०.३ च्या आसपास दिसला असता आणि भोंगा गप्प बसला असता. वायू जास्त, वारा जास्त, आकडा कमी. सुरक्षेच्या उपकरणाने चुकायचंच असेल तर जास्तीकडे चुकावं. हे नेमकं उलट होतं, आणि ते सगळ्यांना दिलासा देणारं होतं म्हणून इतके दिवस कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

उपाय शोधताना पहिली सूचना आली ती प्लॅटिनम वाढवण्याची. तर्क बरोबर आहे. उत्प्रेरक जोरकस केला की लेप पेलिस्टरसारखा वागू लागेल आणि वाऱ्याचा त्रास कमी होईल. पण हायड्रोजनजवळ प्लॅटिनम वाढवताना १८२३ साल आठवावं लागतं. त्या वर्षी योहान डोबरायनर यांनी हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर सोडला आणि तो काडी न लावता पेटला. त्यावर चालणारे दिवे पुढे बराच काळ वापरात होते. ज्या खोलीत ठिणगी नको म्हणून विजेऐवजी प्रकाश आणला, तिथेच भरघोस प्लॅटिनम टांगायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. एक टक्क्याला लेप सुरक्षित आहे, पण चार-पाच टक्क्यांना तो किती तापेल याचा भरवसा नाही. ती सूचना मागे पडली.

निवडला तो उपाय दिसायला किरकोळ: सेन्सरभोवती सिंटर केलेल्या पोलादाची टोपी. दाबून-भाजून केलेली ही धातूची सच्छिद्र भिंत वारा अडवते, पण हायड्रोजन तिच्यातून झिरपून आत जातो. आत हवा स्थिर, त्यामुळे बाहेर कितीही वारा असला तरी उष्णता जायची वाट तीच राहते. शिवाय आत समजा कधी पेट घेतलाच, तर ज्योत बाहेर येत नाही. हायड्रोजनची ज्योत अडवायला फट ०.२९ मिलिमीटरहून बारीक लागते, आणि सिंटरची छिद्रं त्याच्या कितीतरी पट बारीक असतात. डोबरायनरची भीतीही अशी त्याच टोपीत बंद झाली.

टोपीची किंमत वेळेत मोजावी लागते. आधी काही सेकंदांत येणारं उत्तर आता सावकाश येतं. वायूगळतीच्या शोधासाठी हातात धरायच्या उपकरणात हे चाललं नसतं. या खोलीत वायू वाढायलाच तास लागतात, त्यामुळे इथे तो तोटा नावापुरता. ज्वलनातून तयार होणारं पाणी टोपीत साठून लेप ओला होऊ शकतो, ही अडचण मात्र खरी. सल्फ्युरिक आम्लाचे बारीक तुषारही बॅटरी खोलीत असतातच. दोन्हींसाठी सिंटरच्या बाहेरून टेफ्लॉनचा पाणी न धरणारा पातळ पडदा लावला. वाफ जाते, थेंब येत नाही.

संदर्भाची ग्रेटिंगही बदलली. उघड्या काचेऐवजी तिच्यावर आता तोच टंगस्टन ट्रायऑक्साइडचा लेप आहे, फक्त प्लॅटिनम नाही. ऑक्साइड हवेतली आर्द्रता धरतं आणि त्याने लेपात थोडा ताण येतो. दोन्हींवर सारखा लेप असला की दमट हवेचा हा हिस्साही वजा होतो, आणि दोघी सारख्याच वेगाने तापतात-निवतात. नुसत्या काचेची ग्रेटिंग लेपाच्या ग्रेटिंगहून लवकर तापायची, त्यामुळे दार उघडलं की आकडा क्षणभर उसळी घ्यायचा. ती उसळी गेली.

जागा बदलली, जाळीपासून दूर, तुळयांच्या मधल्या सर्वांत उंच खणात, जिथे हलका वायू अडकून राहू शकतो. आणि नियंत्रणाचं तर्कचित्र बदललं. मोठा पंखा एकदा लागला की किमान अर्धा तास चालतो, आकडा काहीही म्हणो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चार्जर बूस्टवर गेला की मोठा पंखा आपोआप लागतो, सेन्सरला न विचारता. पंखा फिरत नसेल तर चार्जर बूस्टवर जातच नाही. मला हा बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो, आणि त्यात नॅनोचा अंशही नाही. पंखा आता चार्जिंगभर अखंड चालतो आणि हिशोबाने खोली ०.०८ टक्क्यांच्या खाली राहते. सेन्सरला करायला काम उरलं ते फक्त अनपेक्षिताचं, आणि तेच त्याचं काम असायला हवं होतं. जुनी मोटर तशीच चालू आहे.

एक गोष्ट मात्र टोपीने सुटत नाही. प्लॅटिनम विषारी संयुगांनी मंदावतं. सिलिकोन सीलंटची वाफ त्याला लेपून टाकते. जुन्या बॅटरीच्या पट्ट्यांत अँटिमनी असेल तर जादा चार्जिंगमध्ये स्टिबाइन वायू निघतो, तोही त्याला घातक. आणि प्लॅटिनम मेलं की सेन्सर आरडाओरडा करत नाही. दोन्ही ग्रेटिंग सारख्या तापमानाला येतात, वजाबाकी शून्य येते, आणि शून्य म्हणजे हायड्रोजन नाही असंच पडद्यावर दिसतं. फायबर शाबूत, प्रकाश परत येतोय, इंटरोगेटरचा दिवा हिरवा. त्यामुळे ठरावीक काळाने टोपीवर चाचणी-वायू सोडून आकडा चढतो का हे बघणं, आणि त्या वेळी मोठा पंखा चालू ठेवून एकदा व बंद ठेवून एकदा बघणं, हे आता देखभालीच्या तक्त्यात लिहिलेलं आहे. खोलीत सिलिकोन सीलंट वापरायला बंदी आहे. सेन्सर अजून जागा आहे हे सध्या तरी दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.